मुलांना ‘पास करणारा’च हवा असतो?

परीक्षा जवळ आली की प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो: आजच्या विद्यार्थ्यांना शिकवणारा नको, पास करणारा हवा. आयत्या नोट्स, सोपा पेपर, वर्गात चार विनोद, एवढं दिलं की सर लाडके. शिकायला यूट्यूब आहेच. मी सात वर्षं तासिका तत्त्वावर बीएस्सीला संख्याशास्त्र शिकवते. मला यातलं फारसं काही पटत नाही.

मुलं नोट्स मागतात, हे खरं. पण दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला इंग्रजीतून ऐकणं, समजून घेणं आणि उतरवून घेणं एकाच वेळी झेपत नाही. मागच्या वर्षी मी मुलांना नाव न घालता माझ्या शिकवण्याबद्दल लिहायला सांगितलं. एका चिठ्ठीत एकच ओळ होती: ‘मॅडम, फळा पुसायच्या आधी थोडं थांबा.’ तेव्हापासून फळ्याची डावी बाजू मी तास संपेपर्यंत पुसत नाही. आधी मराठीतून दोन वर्गांतल्या मुलांचे गुण मांडते. सरासरी दोन्हीकडे 50. एकात सगळे 48 ते 52 च्या मधले, दुसऱ्यात कुणी 10, कुणी 90. हा फरक डोळ्यांना दिसला की मगच ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ (गुण सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) हा शब्द आणि सूत्र. नोट्सची मागणी त्यानंतर बरीच कमी झाली.

सोप्या पेपरचं म्हणाल, तर विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांवर अनेक वर्षं संशोधन करणाऱ्या हर्बर्ट मार्श यांना उलटंच आढळलं: जिथे अभ्यासाचा भार जास्त, तिथल्या शिक्षकांबद्दलचं मत थोडं चांगलंच होतं. माझ्याकडे एक मुलगा अंतर्गत परीक्षेचा पेपर घेऊन आला होता, 20 पैकी 9. गुण वाढवा, असं तो म्हणाला नाही. शेजारच्याच्या पेपरात त्याच पायऱ्यांना दोन गुण होते, त्याच्या पेपरात शून्य. असं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. चूक माझी होती. मी ती दुरुस्त केली.

विनोदाच्या मुद्द्यावर 1970 सालचा अमेरिकेतला ‘डॉ. फॉक्स’ प्रयोग पुढे केला जातो. एका नटाने तज्ज्ञ असल्याचा आव आणून पोकळ व्याख्यान ठोकलं आणि श्रोत्यांना ते आवडलं. पण ते श्रोते पहिल्या वर्षाची मुलं नव्हती. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, अध्यापक असे शिकलेसवरलेले लोक होते. छान बोलण्याला सगळेच भुलतात, त्याचं खापर एकट्या विद्यार्थ्यांवर का?

आणि यूट्यूब. सूत्र तिथे सापडतं, मान्य. पण आपल्या वहीत चौथ्या ओळीत वजाचं चिन्ह सुटलंय, हे तिथे कोण सांगणार? तास संपल्यावर टेबलाभोवती मुलं जमतात ती त्यासाठी. आमच्या नेमणुका वर्षापुरत्या असतात, हे त्यांना ठाऊक असतं. मार्चमध्ये वही मिटता मिटता कुणीतरी विचारतंच, “मॅडम, पुढच्या वर्षी तुम्हीच आहात ना?”