शेजारासकट स्थलांतर

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की मागच्या टेकडीवर काँक्रीटची एक लांबच लांब, वळणावळणाची इमारत दिसते. तिचं नाव पार्क हिल. 1961 मध्ये ती पुरी झाली तेव्हा तिच्यात 995 घरं होती, सगळी नगरपालिकेची, भाड्याची. मी मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले, लग्नानंतर या गावात आले. सध्या घरच्यांशी फोनवर जे वाद होतात ते ऐकताना मला सारखी ही इमारत आठवते.

वाद सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या स्वतःच्या घरात. त्या दिवसापासून दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, चाळसंस्कृती संपली, आता शेजारच्या दाराला कुलूप आहे की नाही हेसुद्धा कळायचं नाही. दुसरा म्हणतो, संडासाच्या रांगेत उभं राहून पाहा, मग बोला संस्कृतीबद्दल. माझी आई दुसऱ्या तटात आहे आणि तिचं मी मनापासून मानते. रात्री-अपरात्री पॅसेजच्या टोकाला एकटीने जायचं म्हणजे काय, ते बाईलाच विचारावं. चाळ जपा असं जे दुरून सांगतात, त्यांना ही रात्र आठवत नाही.

पण पहिल्या तटाचं दुःखही खोटं नाही. ते नेमकं कशाचं आहे, हे मला नायगावात असताना उमजलं नव्हतं. इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा ऐकताना ते उलगडत गेलं.

आमच्या गल्लीत एक आजी राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. मला ‘लव्ह’ म्हणून हाक मारतात. इथे बस ड्रायव्हरही तशीच मारतो. त्यांचं लहानपण गावातल्या एका ‘कोर्ट’मध्ये गेलं. कोर्ट म्हणजे मधे फरसबंदी चौक, भोवती घरं, चौकात सगळ्यांचे मिळून संडास. आत खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे टांगलेले असायचे. ते कापायचं काम पोरांचं. शुक्रवारी रात्री शेगडीपुढे पत्र्याचा टब यायचा आणि सगळी भावंडं एकाच पाण्यात एकामागून एक अंघोळ करायची, धाकट्याच्या वाट्याला काळं पाणी. सोमवार कपडे धुण्याचा. चौकभर दोऱ्या बांधलेल्या, आणि नेमका पोलाद कारखान्यांचा धूर आला की धुतलेल्या चादरींवर काजळी. 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा येईपर्यंत शेफील्डची हवा अशीच होती.

घरापुढची दगडी पायरी घासणं ही मोठी प्रतिष्ठेची बाब. त्यासाठी ‘डाँकी स्टोन’ नावाचा दगड मिळायचा, तो भंगारवाला जुन्या कपड्यांच्या बदल्यात द्यायचा. जुन्या साड्या घेऊन भांडी देणाऱ्या बोहारणीचं मी सांगितलं तेव्हा आजी खुर्चीत पुढे सरसावून बसल्या. तिच्याशी घासाघीस कोण करायचं, त्यांनी विचारलं. आई, मी म्हटलं. आमच्याकडेही आईच, त्या म्हणाल्या.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी व्हिटसन येतो. त्या सणाला मुलांना वर्षातले एकमेव नवे कपडे मिळायचे. ते घालून दारोदार जायचं, शेजारणींना दाखवायचे, आणि त्यांनी कौतुक करून खिशात एखादी पेनी टाकायची. पैसे कोणाकडेच नव्हते, तरी पेनी टाकल्याशिवाय मूल परत पाठवायचं नाही असा रिवाज. सोमवारी बागेत सगळ्या चर्चची मुलं जमून गायची. आजींना अजून आठवतं, कोणत्या वर्षी कोणत्या रंगाचा कोट होता आणि कोणत्या दारात तीन पेन्स मिळाले.

पंधराव्या वर्षी त्या ‘बफर गर्ल’ झाल्या, म्हणजे चमचे-काटे-सुऱ्या यंत्राच्या चाकावर धरून चकाकवणाऱ्या मुली. डोक्याला घट्ट रुमाल, कपड्यांवरून आणि पायांना तपकिरी कागद दोरीने बांधलेला. चाकावरून तेलकट पूड उडायची ती अंगभर बसायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कागदाची वेष्टणं बदलायची, संध्याकाळी काळ्या तोंडाने, गात, घोळक्याने घरी. शेफील्डच्या सुऱ्या जगभर गेल्या त्या या मुलींच्या हातांतून.

आता यात हळहळण्यासारखं काय आहे? काजळी, सामाईक संडास, एकाच पाण्यातली अंघोळ. आजी एकदाही म्हणत नाहीत की ते घर परत हवं. पार्क हिलमध्ये राहायला गेले तेव्हा त्यांच्या आईने पहिले कित्येक दिवस गरम पाण्याचा नळ उगाचच उघडून पाहिला, असं त्या सांगतात. आठवण निघते ती माणसांची: शेजारीण, पोरांचा घोळका, दार लोटलं की समोर कोण दिसायचं ते. इथल्या कोणत्याही गावात जा, लँकशायरच्या सूतगिरण्यांचं असो की वेल्सच्या कोळसा खाणींचं, म्हातारी माणसं हेच सांगतात. ‘दारं उघडी असायची’ हे वाक्य तर प्रत्येकाच्या तोंडी.

या वाक्याकडे थोडं जपूनच पाहायला हवं. उघडी दारं सगळ्यांना उघडी नव्हती. 1950 च्या दशकात माझ्यासारखी बाई या गल्लीत खोली शोधत आली असती तर तिला कातडीच्या रंगावरून सरळ नकार मिळू शकला असता, आणि असा नकार देणं बेकायदेशीर ठरलं ते 1968 च्या कायद्याने. आमच्याकडेही जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, ती सवर्ण आणि दलित वस्तीतली. एकाच आवारात, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या माणसांमधली. चाळीतला एकोपा सांगताना आमचे लोक हे वर्ष गाळतात. मला ते गाळू द्यायचं नाही. एकोपा होता तो मजल्याचा होता, वाडीचा होता, आणि त्याला त्याच्या सीमा होत्या. तरीही मजल्यावर जे होतं ते खरंच होतं. आई कामावरून उशिरा यायची तेव्हा मला चार घरांत जेवायला मिळायचं आणि त्यासाठी विचारावं लागत नसे.

ब्रिटनमध्ये हा चाळ-की-टॉवर वाद साठ वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि त्याचे दोन्ही निकाल आज डोळ्यांसमोर आहेत. 1950 ते 1970 च्या दरम्यान गावोगावच्या जुन्या वस्त्या बुलडोझरखाली गेल्या आणि लाखो माणसं नव्या वसाहतींत आली. 1957 मध्येच मायकेल यंग आणि पीटर विल्मट या दोघा समाजशास्त्रज्ञांनी पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमधून उपनगरात गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास छापला होता. जुन्या वस्तीत आई, मावशी, आजी हाकेच्या अंतरावर असायच्या. नव्या वसाहतीत घर चांगलं होतं, बाग होती, पण बायका दिवसभर एकट्या पडल्या. इशारा वेळेवर मिळाला होता.

शेफील्डने तो थोडाफार ऐकला. जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ या तरुण वास्तुविशारदांनी पार्क हिल बांधताना घरांपुढे सुमारे दहा फूट रुंद पॅसेज ठेवले. टेकडीच्या उताराचा फायदा घेऊन ते पॅसेज वरच्या टोकाला थेट जमिनीला टेकवले, म्हणजे बॅटरीवर चालणारी दुधाची गाडी पॅसेजमधून दारोदार फिरू शकायची. पॅसेजना नावं दिली ती पाडलेल्या गल्ल्यांची: गिल्बर्ट रो, लाँग हेन्री रो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जुन्या शेजाऱ्यांना शक्य तिथे शेजारीशेजारीच घरं दिली. आजींच्या आईच्या बाजूच्या दारात पूर्वीचीच शेजारीण आली. दोघी पॅसेजमध्ये खुर्च्या टाकून वाटाणे सोलत बसायच्या.

नुसता रुंद पॅसेज ठेवून भागत नाही, हे मँचेस्टरने दाखवलं. तिथल्या ह्यूम भागात 1972 मध्ये अर्धवर्तुळाकार इमारती उभ्या राहिल्या, त्यांनाही असेच लांब पॅसेज होते. पण जुनी वस्ती पांगली होती, बांधकाम निकृष्ट होतं. 1974 मध्ये एक लहान मूल वरून पडून गेलं आणि कुटुंबं तिथून निघू लागली. वीसेक वर्षांत त्या इमारती पाडाव्या लागल्या.

पार्क हिलचंही पुढे भलं झालं नाही. 1980 च्या दशकात पोलाद कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या, इमारतीची डागडुजी थांबली. हॅडफील्ड्सच्या पोलाद कारखान्याच्या जागी 1990 मध्ये मेडोहॉल नावाचा मॉल उघडला. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झालेला पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. 1998 मध्ये पार्क हिलला वारसा इमारत म्हणून संरक्षण मिळालं. मग नूतनीकरण झालं, रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लागले, आणि बरीचशी घरं खुल्या बाजारात विकली गेली. भिंती वाचल्या. ज्यांच्यासाठी त्या बांधल्या होत्या त्यांच्यापैकी फार थोडे परत आले. भिंती वाचवणं आणि वस्ती वाचवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या इमारतीखालून जाताना दर वेळी जाणवतं.

म्हणून मला वाटतं, आमचा वाद चुकीच्या जागी अडकला आहे. चाळ हवी की टॉवर, यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. टॉवर हवाच, माझ्या आईच्या हक्काचा तो आहे. भांडायचं तर सोडतीवर भांडावं. नव्या इमारतीत कोणाला कोणता मजला आणि कोणतं घर, हे संगणकाच्या सोडतीने ठरतं. यामागे भ्रष्टाचार टाळण्याचा हेतू आहे, तो योग्यच आहे. पण वरळीच्या टॉवरला 40 मजले आहेत. चाळीत समोरासमोर राहिलेली दोन घरं तिथे चौथ्या आणि पस्तिसाव्या मजल्यावर जाऊ शकतात. सत्तरीतल्या बाईला लिफ्टने तीस मजले चढून शेजारणीकडे मिरच्या मागायला जायचं सुचणारच नाही. चार महिन्यांत दोघींचं बोलणं सणासुदीपुरतं उरेल.

यावर उपाय फार अवघड नाही. बीडीडीच्या एका मजल्यावर साधारण वीस खोल्या. ज्या कुटुंबांना एकत्र राहायचं आहे त्यांनी चार-सहा घरांचा गट करून एकच अर्ज द्यावा, आणि सोडत त्या गटाची निघावी. मजला नशिबाने ठरेल, शेजार नशिबावर सोडला जाणार नाही. ज्यांना जुना शेजार नकोच आहे, आणि जातीपायी किंवा भांडणांपायी तसं वाटणारेही असतील, त्यांनी एकट्याने अर्ज करावा. कोणावर सक्ती नको. पारदर्शकता तीच राहते, कारण चिठ्ठी संगणकच काढतो.

दुसरी मागणी पॅसेजची. सुरक्षेच्या नावाखाली मजल्यामजल्यावर लोखंडी दारं लागतात, चपलांची कपाटं बाहेर येतात, खुर्ची टाकायला जागा राहत नाही. सोसायटीच्या पहिल्याच सभेत ठराव करून हे थांबवता येईल. अग्निशमनाची वाट मोकळी ठेवून दोन खुर्च्या आणि एक बाक बसेल एवढी जागा निघते.

तिसरी मागणी म्हटलं तर लहान, पण मला ती फार जवळची आहे. शेफील्डच्या वाचनालयात जुन्या गल्ल्यांचे फोटो, बफर गर्लच्या आठवणी, ट्रामची तिकिटं, सगळं सांभाळून ठेवलं आहे. तिथे कोणीही जाऊन आपल्या आजीचं घर शोधू शकतं. नायगावात आज ज्या बायका ऐंशीच्या घरात आहेत त्यांनी गिरणीचे भोंगे ऐकले आहेत, 1982 च्या संपात घर चालवलं आहे. कोणत्या मजल्यावर कोण राहायचं, कोणाच्या खोलीत खानावळ होती, कोणाच्या दारात मुलांना गोळ्या मिळायच्या, हे त्यांच्याखेरीज कुठेही लिहिलेलं नाही. खोली रिकामी करायची नोटीस येण्याआधी मजल्याचा नकाशा काढून त्यावर नावं घालायला शनिवार-रविवार पुरेत. दादाला मी हे काम सांगितलं आहे. त्याने दुसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली आहे, आणि ज्या इमारतींची सोडत अजून व्हायची आहे तिथल्या मंडळांनी गट-अर्जाची मागणी लेखी द्यावी यासाठी तो सह्या गोळा करतो आहे. तिथे कोणाच्या ओळखीचं कोणी राहत असेल तर त्यांनाही सांगा.