पडलेला दात कापसात गुंडाळू नका

आमच्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘दाताची इमर्जन्सी, दवाखान्याशिवाय’ असा एक संदेश फिरतोय. त्यात पाच गोष्टी आहेत: पडलेला दात साबणाने धुऊन कापसात ठेवा आणि सवडीने दाखवा, तसाही तो परत बसत नाही, दुखऱ्या दाताशी ॲस्पिरिनची गोळी किंवा फेणीचा घोट धरा, फार्मसीतून ॲंटिबायोटिक आणा, वरचा दात काढू नका, डोळे जातात, गाल सुजला तर गरम शेक द्या. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शाळेत खेळ शिकवतो. पहिल्या उपायाचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून गप्प बसवत नाही.

दोन पावसाळ्यांमागे फुटबॉल खेळताना सातवीतल्या एका मुलाला दुसऱ्याचं कोपर लागलं आणि पुढचा दात मुळासकट चिखलात पडला. मी तो नळाखाली धरला, बोटांनी घासून घासून पांढरा केला, रुमालात बांधला. दंतवैद्यांनी दात बघायच्या आधी एकच विचारलं, “किती वेळ कोरडा होता?” दीड तास, मी सांगितलं. त्यांनी दात हातात घेऊन मूळ दाखवलं. दिसणाऱ्या भागापेक्षा लांब, पिवळसर. या मुळावर ओलसर पातळ आवरण असतं, त्यातल्या जिवंत पेशींमुळे दात पुन्हा हाडाला धरतो. त्या मी घासून काढल्या होत्या, उरल्यासुरल्या रुमालात सुकल्या.

म्हणजे पक्का दात परत बसतो, पण वेळेत. दात पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर थंड पाण्याखाली दहा सेकंद धरायचा, घासायचा नाही. मूल शुद्धीत असेल तर दात सरळ करून तिथल्या तिथे खाचेत बसवायचा आणि स्वच्छ रुमाल हळूच चावून धरायला सांगायचं. हे धाडस होत नसेल तर पेल्यात थंड दूध घ्या आणि दात त्यात टाका. गोवा डेअरीची पिशवी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. पहिला अर्धा तास सर्वांत मोलाचा. तासभर कोरडा राहिला तर आशा फार कमी उरते. आमच्या वाळपईहून बांबोळीच्या दंत महाविद्यालयात पोचायलाच तास तरी जातो, म्हणून जे करायचं ते मैदानावरच. दंतवैद्य नंतर शेजारच्या दातांच्या आधाराने तो साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, बहुधा रूट कॅनालही करावं लागतं. दुधाचा दात मात्र परत बसवू नका, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

ॲस्पिरिन पोटात जाऊन रक्तात मिसळल्यावर काम करते. हिरडीवर ठेवली की त्या आम्लाने हिरडी भाजते, पांढरा चट्टा पडतो आणि एका दुखण्याची दोन होतात. मुलांना तर ती आपल्या मनाने देऊच नये. फेणीचंही तेच, जळजळीने घटकाभर लक्ष उडतं इतकंच. लवंगेच्या तेलाला मी नावं ठेवणार नाही. त्यातल्या युजेनॉलने थोडा वेळ बधिरपणा येतो. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर, किडलेल्या जागी, बस.

ॲंटिबायोटिकबद्दल जास्त गैरसमज आहे. रात्रभर ठणकतो तो बहुतेकदा दाताच्या आतला सुजलेला गर. टणक भिंतीत कोंडल्यामुळे तो इतका दुखतो, आणि मेल्यावर तिथे रक्तच पोचत नाही, तर औषध कसं पोचणार? दात उघडून गर साफ करावा लागतो किंवा दात काढावा लागतो. गोळ्यांनी चार दिवस बरं वाटलं तरी कीड तिथेच असते.

डोळ्यांचं आमच्या आजीपासून ऐकत आलोय. वरच्या दातांच्या संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दात काढल्याने नजर जात नाही. उलट या भीतीने सडका दात वर्षानुवर्षं तोंडात ठेवला जातो आणि त्यातूनच पू होतो.

आणि तो शेक. हा उपाय वाचून मला खरंच धास्ती वाटली. दाताच्या पुवाने गाल सुजला असेल तर बाहेरून गरम शेक देऊ नका. बर्फ फडक्यात गुंडाळून लावा आणि त्याच दिवशी दाखवा. दिवसा बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय आहे, 1980 पासून. पण सूज जबड्याखाली मानेकडे उतरली, तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, आवाज बदलला, ताप चढला, तर ते आता दातदुखीपुरतं राहिलेलं नसतं, श्वासाची वाट बंद होऊ शकते. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्याच गोवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.