११८ मूलद्रव्यं पाठ केल्याने अकरावी सोपी होत नाही

दहावीचा निकाल लागला की गोव्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. सायन्स घेणाऱ्या मुलांनी सुट्टीतच ११८ मूलद्रव्यं अणुभारांसकट पाठ करावीत, क्रॅश कोर्स लावून अकरावीचं अर्धं पुस्तक उरकावं, केमिस्ट्रीत गणित फारसं नसतंच, आणि प्रयोगांचं काय ते कॉलेजच्या लॅबमध्ये बघता येईल, असा त्याचा मथितार्थ. तळाशी बहुधा कुठल्यातरी क्लासचा नंबर. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण सल्ला वाईट आहे.

आधी पाठांतर. लागणारे अणुभार उदाहरणात सहसा दिलेलेच असतात. तोंडपाठ हवीत ती पहिली वीस मूलद्रव्यं, त्यांच्या संयुजा आणि सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, अमोनियम या आयनांची सूत्रं. ही येत नसतील तर प्रत्येक समीकरणाला पेन अडतं. बाकीची आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, वाचायला शिकायचं. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये ती मांडली ती जागा रिकाम्या सोडून. ॲल्युमिनियमखालच्या रिकाम्या जागेतल्या मूलद्रव्याचा अणुभार त्याने सुमारे ६८ सांगितला. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं, त्याचा अणुभार ६९.७. नुसत्या पाठांतरातून असं भाकीत करता येत नाही.

‘गणित नसतं’ हा मात्र सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. अकरावीत मुलं अडतात ती पहिल्याच धड्यात, मोल या अणू-रेणू मोजायच्या एककापाशी, आणि तिथे सगळा खेळ गुणोत्तराचा. डिचोली, सांगे भागातल्या लोहखनिजाच्या खाणींच्या बातम्यांत ‘५८ टक्के ग्रेड’, म्हणजे खनिजात ५८ टक्के लोखंड, हे शब्द आपण कितीदा वाचतो. वही घ्या. हेमॅटाईट या लोहखनिजाच्या सूत्रात लोखंडाचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन. लोखंडाचा अणुभार ५६ धरला तर दोनाचे ११२, ऑक्सिजनचा १६, तिनाचे ४८, बेरीज १६०. एकशेसाठात एकशेबारा म्हणजे ७० टक्के. हेमॅटाईट कितीही शुद्ध असो, त्यात लोखंड याहून जास्त असूच शकत नाही. मग ५८ ग्रेडच्या मालात सगळं लोखंड हेमॅटाईटचंच आहे असं धरलं, तर ५८ भागिले ७०, म्हणजे साधारण ८३ टक्के हेमॅटाईट आणि उरलेली सिलिका, माती वगैरे. आता हेच मोलमध्ये करा. हेमॅटाईटचा एक मोल म्हणजे १६० ग्रॅम, तेव्हा एक किलो शुद्ध हेमॅटाईट म्हणजे १००० भागिले १६०, सव्वासहा मोल. त्यात लोखंडाचे साडेबारा मोल, गुणिले ५६, बरोबर ७०० ग्रॅम. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की मोलची भीती निम्मी जाते.

पुढे आम्लता मोजणारा पीएच येतो आणि त्याच्यासोबत लॉगॅरिदम, जो दहावीच्या गणितात नसतो. पीएच ३ आणि ५ यांत फरक दिसायला दोनाचा, पण हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात शंभरपटींचा. म्हणून सुट्टीत दहाचे घातांक, एककांची रूपांतरं आणि थोडा लॉग एवढं करून ठेवलं तरी पुष्कळ झालं.

क्रॅश कोर्सबद्दल थोडक्यात: एनसीईआरटीच्या सध्याच्या पुस्तकात नऊ धडे आहेत आणि ते एकमेकांवर रचलेले आहेत. रासायनिक बंध कच्चे ठेवून ऑरगॅनिककडे धावलेल्या मुलाला तिथे पुन्हा पाठांतराशिवाय काही उरत नाही. पहिला धडा नीट, उदाहरणं स्वतः सोडवून. बस.

राहिले प्रयोग. स्वयंपाकघरात सोलांचं आगळ असेलच. ग्लासभर पाण्यात थोडं घाला आणि खाण्याचा सोडा चिमटीचिमटीने टाकत जा. फसफसतो तो कार्बन डायऑक्साईड. पुरेसा सोडा पडला की आगळाची लाली पालटते. लगेच लिंबू पिळा, ती परत येते. आम्ल ओळखायचा लिटमस कागद याहून वेगळं काही करत नाही. मात्र उत्साहाच्या भरात बाथरूममधलं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका; त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो.