पॉइंटांवरचे पाहुणे

इंदूरला रामबागेत मावशीकडे लग्नघर, माणसं गच्च आणि संडास एक. म्हणून आम्ही दोघं हॉटेलात उतरलो. मावशीला त्याचा राग आलाय, तो पुढच्या लग्नापर्यंत आरामात टिकेल. हॉटेल एम. जी. रोडवरचं, देशभर शाखा असलेल्या एका साखळीतलं. टाय लावलेला पोरगा आणि लॉबीत प्लास्टिकचा बांबू, एवढी त्याची प्रतिष्ठा. धंद्याच्या कामाला गावोगाव स्वतःच्या खिशातून याच साखळीत उतरून, त्यांचं गार सांबार खाऊन जमवलेले माझे पॉइंट मार्चअखेर मरणार होते. ते मरण्याआधी खर्चले, एवढंच.

काउंटरवरच्या पोराने स्क्रीन पाहिली आणि सकाळी ड्यूटीवर येताना चढवलेलं हसू हळूच उतरवून ठेवलं.

"सर, ये तो रिवॉर्ड नाइट है."

"हां, है."

"रिवॉर्ड में रूम दो बजे के बाद ही मिलेगा, सर."

आमच्या मागून आलेल्या कुटुंबाला तेवढ्यात किल्ली मिळाली, वर छोट्या ग्लासातून पन्हंही मिळालं. मी माझं गोल्ड कार्ड दाखवलं. गोल्डवाल्यांना लवकर खोली आणि जमल्यास मोठी खोली, असं त्यांच्याच ॲपवर लिहिलंय. ते पैसे भरून राहणाऱ्या गोल्डसाठी, असं कळलं. शिवाय दोन हजार रुपये डिपॉझिट. कशाबद्दल? "एक्स्ट्रा कुछ लिया तो, सर." म्हणजे पैसे न भरणारा माणूस टॉवेल पळवणारच, हे गृहीत.

इथवर मी शांत होतो. पण सोफ्यावर एक काका बसले होते. सत्तरीचे, पांढरा बुशशर्ट, मांडीवर शेवेच्या पाकिटांची पिशवी. ते हॉटेलात उतरलेले नव्हते. त्यांचे जावई वर अंघोळ करत होते आणि काका खाली एसीत त्यांची वाट बघत होते. आमचं मराठी ऐकून त्यांनी पिशवी सरकवून जागा केली.

"मराठी का? बसून घ्या, बसून घ्या. कुठले?"

"पुण्याचे."

"किती घेतात हो हे लोक एका रात्रीचे? आमचे जावई सांगत नाहीत."

"आमची पॉइंटांवर आहे खोली."

"म्हणजे फुकट?"

"फुकट नाही हो काका. आधी खूप वेळा राहिलोय ना, त्याचे पॉइंट."

"आज पैसे दिले?"

"नाही."

"मग फुकटच की, भिया!"

इंदुरी माणसाचा आवाज राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत ऐकू जावा, अशा बेताने घडवलेला असतो. पन्हंवालं कुटुंब वळून बघायला लागलं. बायकोने पर्समधून मोबाईल काढला आणि बंद स्क्रीनकडे बघत बसली. काकांचा मात्र परोपकार जागा झाला होता. त्यांनी बसल्या जागेवरून काउंटरला हाक मारली, "अरे भिया, इनको जरा जल्दी दे दो ना कमरा! फोकट में आए हैं बिचारे, पूना से!"

मग त्यांनी हिशेब मागितला. शंभराला किती पॉइंट, खोलीला किती पॉइंट. मीही मूर्खासारखा सांगत गेलो, कारण तोवर मला ही गोष्ट कोर्टात सिद्ध करावी तशी सिद्ध करायची होती. काकांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर बॉलपेनने गुणाकार मांडला, खोडला, पुन्हा मांडला.

"म्हणजे लाखभर रुपये यांना दिले, तेव्हा ही एक रात्र?"

"साधारण."

"सियागंजात साबणाचा होलसेलवाला दहा पेट्यांवर बादली देतो. ती बादली घरी तरी येते. बरं, दोन वाजेपर्यंत थांबा, असंही म्हणत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मग काका राजवाड्याकडे वळले. सात मजले, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे, 1984 साली कसा जळाला. आजोबा होळकरांच्या खजिन्यात होते आणि होळकर सरकारने दारी आलेल्या पाहुण्याला असं ताटकळत कधी ठेवलं नाही. मी म्हटलं, होळकरांकडे गोल्ड कार्ड नसणार. काकांनी ते गंभीरपणे मान्य केलं.

दोनच्या पुढे केव्हातरी खोली मिळाली. खिडकी होती. खिडकीबाहेर एसीच्या डब्यांची भिंत होती आणि खालच्या मजल्यावर हॉल, जिथे कुणाच्या तरी संगीताचा डीजे रात्री उशिरापर्यंत आमच्या पलंगाचे पाय हलवत होता. पाण्याच्या दोन बाटल्या मोफत, तिसरीचे पैसे. पहाटे डोळा लागतोय तोच कचऱ्याची गाडी गाणं लावून आली. इंदूर 2017 साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढेही वर्षानुवर्षे येत राहिलं, त्याचा मला अभिमानच आहे. आजोळ आहे माझं. पण आमच्या खिडकीखालचा कचरा जरा नऊ वाजता उचलला असता, तर नंबर गेला नसता.

झोप नव्हतीच, तेव्हा ॲप उघडून बसलो. हीच खोली पूर्वी याच्या निम्म्या पॉइंटांत मिळायची. मधे कधीतरी त्यांनी दर वाढवला. विचारलं नाही, कळवलं ते अशा ईमेलमध्ये, ज्याचा मथळा होता 'आपल्यासाठी आनंदाची बातमी'. पॉइंट द्यायचे त्यांनी, त्यांची किंमत ठरवायची त्यांनी, मारायचे कधी तेही त्यांनीच. बँकेने एफडीवर असं केलं तर लोक शाखेच्या दारात बसतील. इथे आपण वर त्यांचं कार्ड पाकिटात दिसेल असं ठेवतो. मी दिलेले रुपये मात्र मार्चअखेर मेल्याचं ऐकिवात नाही. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, पहाटेचे साडेपाच वाजलेत.

सकाळी नाश्त्याला खाली गेलो. दाराशी यादी घेऊन एक मुलगी.

"रूम नंबर, सर?... आपका ब्रेकफास्ट इन्क्लूडेड नहीं है, सर. रिवॉर्ड में सिर्फ रूम रहता है. पाँच सौ निन्यानवे प्लस टैक्स, पर पर्सन."

इंदुरात! जिथे कोपऱ्यावर गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या परातीतले वाफाळते पोहे मिळतात, वर शेव, जिरावन मसाला, बडीशेपेचा वास आणि बाजूला जिलबी, आणि दोघांचं मिळून शंभराची नोट मोडावी लागते. आत झाकणाच्या भांड्यात पोहेच होते. पिवळे, कोरडे, पुढे इंग्रजीत पाटी. त्या पाटीचेच पाचशे असावेत.

"अरे, या या, भिया! बसून घ्या!"

खिडकीजवळच्या टेबलावर काका. जावई डाएटवर होते आणि त्यांच्या कूपनावर काका नाश्ता करत होते. पुढ्यात पोह्यांची दुसरी प्लेट. खिशातली जिरावनची पुडी काढून ते पोह्यांवर भुरभुरवत होते.

"हे पोहे नका खाऊ," ते तिथूनच ओरडले, "अगदी बेकार आहेत!" मग मुलीकडे वळून, "आने दो ना बेटा, ये वो पॉइंटवाले हैं."

मुलीने यादी पुन्हा पाहिली आणि मान हलवली. काका उठले. बुफेपाशी जाऊन दोन मफिन उचलले, कागदी रुमालात गुंडाळले आणि दारापर्यंत येऊन माझ्या गोल्ड हातात ठेवले.

"राहू द्या. फुकटच आहेत."

मी नको म्हणेपर्यंत बायकोने ते पर्समध्ये टाकले होते. रामबागेकडे जाताना रिक्षात तिने एक खाल्लादेखील. चांगला आहे म्हणाली.