बिब्बा काय कारखान्यात बनतो?

परवा सांगलीहून वहिनींनी एक लांबलचक मजकूर पाठवला. शाम्पू, साबण, टूथपेस्ट, लिपस्टिक, कशाकशात कुठलं विष असतं त्याची यादी. शेवटी ठळक अक्षरात, 'या सगळ्यावर युरोपात बंदी आहे, आपल्याकडे मात्र सर्रास विकतात.' आणि त्याखाली वहिनींचं स्वतःचं एक वाक्य: 'वन्सं, तुम्ही तिथंच राहता, खरं आहे का हो हे?'

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये चौदा वर्षं काढल्यावर मला मिळालेलं हे पद आहे. युरोपची साक्षीदार. घरी वाद कुठलाही निघो, दुधाचा, प्लास्टिकचा, आता शाम्पूचा, साक्षीला माझं बोलावणं ठरलेलं. वहिनींना माझ्याकडून 'हो' हवं असतं आणि दादाला 'नाही', कारण त्या बिनविषारी शाम्पूचं बिल तो भरतो.

तर साक्ष अशी. यादीतलं काही खरं आहे. लिलियल नावाचं, फुलासारखा वास देणारं एक द्रव्य युरोपीय संघात १ मार्च २०२२ पासून बंद झालं. जेल नेलपॉलिश पक्कं करायला वापरतात त्या टीपीओवर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली. पण यादीत पहिल्या नंबरावर बसलेले पॅराबेन, म्हणजे क्रीम-शाम्पू टिकावेत म्हणून घालतात ती द्रव्यं? त्यातले पाच प्रकार २०१४ मध्ये बाद झाले, बाकीचे प्रमाण ठरवून चालू आहेत. मिथाइलपॅराबेन ०.४ टक्क्यांपर्यंत घालता येतं आणि घालतातही.

'युरोपात १३०० रसायनांवर बंदी' हेही त्या मजकुरात होतं. आकडा बरोबर आहे, किंबहुना आता त्याहून जास्त. पण ती यादी कुणी उघडून बघत नाही. त्यात असंख्य पदार्थ असे आहेत की ते क्रीममध्ये घालायचं कुणाच्या मनातही येणार नाही. आणि त्यात चक्क वनस्पती आहेत. कुचल्यातलं स्ट्रिक्निन आहे, बेलाडोना आहे, बचनागाच्या कुळातलं झाड आहे. आपल्याकडे ज्याला कुष्ठ किंवा उपलेट म्हणतात, त्याच्या मुळाचं तेल सुगंधासाठी वापरायला मनाई आहे, कारण त्याची ॲलर्जी फार येते. 'केमिकल'च्या बंदीची म्हणून आपण जी यादी नाचवतो, तिची काही पानं वनौषधींच्या एखाद्या निघंटूतली वाटावीत अशी आहेत.

मला यात नवल वाटत नाही, कारण मी लहानपणी बिब्बा पाहिलाय. आजी बिब्ब्याला सुई टोचून दिव्यावर धरायची, तेलाचा काळा थेंब सुटला की तो टाचेच्या भेगेत सोडायची. परीट त्याच रसाने कपड्यांवर खुणा करायचे. एकदा मी नको तेवढं जवळ गेले आणि तो उतला. मनगटापासून कोपरापर्यंत फोड, आठ दिवस शाळा बंद. पूर्ण नैसर्गिक, झाडावरचा, भेसळ शून्य. बिब्बा काय कारखान्यात बनतो?

मात्र इथले लोक शहाणे आणि आपले भाबडे, असं म्हणायला मी बसलेले नाही. माझं शहर तर या नैसर्गिक पंथाची पंढरी आहे. रुडॉल्फ श्टायनर या तत्त्वज्ञाच्या विचारांची पहिली शाळा १९१९ मध्ये इथेच निघाली, त्याच विचारातून १९२१ मध्ये उभी राहिलेली वेलेडा ही नैसर्गिक प्रसाधनांची कंपनी इथून तासाभरावरच्या श्वेबिश ग्म्युंडला आपल्या औषधी वनस्पती पिकवते. निसर्ग म्हणजे चांगलं, ही श्रद्धा इथे शंभर वर्षं जुनी आहे आणि तिला भरपूर पैसे पडतात. सेंद्रिय मालाच्या दुकानात मी सुती पिशवीत बांधलेले 'धुण्याचे नट' पाहिले. हातात घेतले तर रिठे! माहेरी जे डब्यात तळाशी पडलेले असायचे, ते मी युरो मोजून घेतले, हौसेने. मुलाच्या फुटबॉलच्या मोज्यांपुढे रिठ्यांनी हात टेकले.

त्याच हौसेत तीन वर्षांपूर्वी आठवडी बाजारातल्या एका बाईकडून मलम घेतलं. मेण, बदामाचं तेल, लॅव्हेंडर. दुसरं काही नाही. सहा महिन्यांनी, डबी तळाशी आली तेव्हा मानेवर लाल चट्टे उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठभर पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक ठिपक्याखाली एक पदार्थ, आणि दोन दिवस आंघोळ बंद. (ऑगस्टमध्ये. घरच्यांनी सहन केलं.) पट्ट्या काढल्यावर दोष निघाला लिनालूलचा. लॅव्हेंडरच्या सुगंधातला हा मुख्य घटक. ताजा असताना गरीब, पण हवा लागून जुना झाला की त्याचं जे बनतं त्याला कातडी चिडते. डॉक्टरांनी लिहून दिलं पांढरं, बिनवासाचं, पॅराफिनचं मलम. म्हणजे वहिनींच्या यादीतलं 'पेट्रोलियम'. त्यानेच बरं वाटलं.

यातली एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिली. बाजारातल्या त्या बाईच्या डबीवरही, हाताने चिकटवलेल्या चिठ्ठीवर, बारीक अक्षरात 'लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल' असं लिहिलेलं होतं. ॲलर्जी आणणाऱ्या २६ सुगंधी द्रव्यांची नावं ठरावीक प्रमाणाबाहेर असली तर छापायचीच, हा इथला नियम २००५ पासूनचा आहे आणि आता ती यादी ८० च्या वर नेली आहे. लॅव्हेंडर तुमच्या परसातलं का असेना, नाव छापा. शिवाय जबाबदार व्यक्ती कोण, तिचं नाव आणि पत्ता. डॉक्टरांनी ती चिठ्ठी भिंगाखाली धरली आणि पुढच्या तपासाची दिशा मिळाली.

पॅराबेनच्या भीतीचं पुढे काय झालं, तेही सांगते. २००४ मध्ये स्तनाच्या गाठींमध्ये पॅराबेन सापडल्याचं एका ब्रिटिश संशोधनात आलं. त्यामुळेच कर्करोग होतो असं त्यात सिद्ध झालं नव्हतं, पण बाजार एवढं थांबत नाही. 'पॅराबेनमुक्त'चे शिक्के आले. क्रीममध्ये पाणी असेल तर बुरशी येणारच, म्हणजे टिकवायला काहीतरी घालावं लागणारच. मग बऱ्याच जणांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन घातलं. त्याने युरोपभर ॲलर्जीची साथ यावी तशी परिस्थिती झाली आणि अंगावर राहणाऱ्या क्रीममधून २०१७ मध्ये त्याला हाकलावं लागलं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या त्वचाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने पॅराबेनला 'वर्षातला ॲलर्जी न आणणारा पदार्थ' असा किताब दिला, थोडा गमतीने, थोडा वैतागून. चांगल्या चाललेल्या गोष्टीत बिब्बा घालणं म्हणतात ते हेच.

आता वहिनी. त्या गेल्या वर्षापासून घरी साबण करतात. खोबरेल, कडुनिंब आणि अर्थात हळद; सांगलीत राहून हळद नाही घालायची तर काय. तपकिरी कागद, सुतळी, त्यावर शिक्का, 'केमिकल फ्री'. सुट्टीत गेले होते तेव्हा मागच्या अंगणात त्या चष्मा आणि हातमोजे घालून कॉस्टिक सोडा पाण्यात सोडत होत्या. भांड्यातून वाफ येत होती. मी म्हटलं, "वहिनी, आणि हे?" त्या न बिचकता म्हणाल्या, "अहो वन्सं, तेलाशी मिळून साबण झाला की तो उरतच नाही. मापात घातला की संपतो."

अगदी खरं! या सगळ्या वादात मी ऐकलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य आहे. किती घातलं आणि शेवटी किती उरलं. फक्त हा न्याय त्या स्वतःच्या साबणाला लावतात, दुकानातल्या शाम्पूला लावत नाहीत. आणि विकायचा तर परवाना लागतो, घटक छापावे लागतात, हे मी सुचवलं तेव्हा दादासकट सगळे माझ्याकडे जर्मन झाल्यासारखे बघायला लागले.

कायदा आपल्याकडे नाही असं नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, २०२० चे नियम आहेत, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटक, सगळं छापायला सांगितलेलं आहे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्याचा बेबी पावडरचा परवाना रद्द केला होता, नमुन्यांचा सामू (पीएच) जास्त भरला म्हणून. नमुने होते २०१८ चे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कंपनी दोषी की निर्दोष हा वाद घरोघरी झाला. नमुना घेतल्यापासून कारवाईपर्यंत इतकी वर्षं का लागली, यावर आमच्या घरात तरी कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि खरं विष तर या चर्चेत येतच नाही. आमची आत्या 'हर्बल काळी मेंदी' लावायची. मेंदीचा रंग लालसर, केशरी. पानातून काळा येत नाही. निळीच्या झाडाची पानं मिसळून आणता येतो, पण त्याला वेळ आणि खटपट लागते. अर्ध्या तासात केस कुळकुळीत झाले तर त्या पुडीत बहुतेक पीपीडी हे केस रंगवायचं रसायन असतं, आणि ते किती, हे पुडीवर नसतं. एका गणपतीत आत्याचा चेहरा इतका सुजला की डोळे दिसेनात. इथे असलं रसायन असलेल्या केसांच्या रंगाच्या खोक्यावर इशारा छापलेला असतो: सोळा वर्षांखालच्यांनी वापरू नये, आणि आधी कधी काळ्या मेंदीचा टॅटू काढला असेल तर ॲलर्जीचा धोका वाढतो. आपली मेंदी जर्मन खोक्यावर अशी भेटते.

गोरेपणाच्या क्रीमचं त्याहून वाईट. पारा त्वचेतला रंग तयार होणं अडवतो, म्हणून त्या क्रीम 'लागू' पडतात. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा विनापरवाना क्रीम वापरणाऱ्यांची मूत्रपिंडं बिघडल्याची प्रकरणं २०२३ मध्ये पुढे आली. त्या डब्यांवर 'मर्क्युरी' हा शब्द कशाला असेल? मिथाइलपॅराबेन वाचून घाबरणाऱ्या बाईला निदान वाचायला काहीतरी मिळालेलं असतं. लग्नाच्या महिनाभर आधी बाजारातून दीडशे रुपयांची डबी आणणाऱ्या मुलीला ती यादी कुणी पाठवत नाही.

युरोपचंही सोवळं किती? इथल्या धोकादायक वस्तूंच्या साप्ताहिक सूचनांमध्ये २०२३ साली सगळ्यात जास्त नोंदी सौंदर्यप्रसाधनांच्याच होत्या, आणि त्यातल्या बहुतेक बंदीनंतरही विकल्या जाणाऱ्या त्याच लिलियलच्या. फरक इतकाच, की त्या नोंदी मी घरबसल्या वाचू शकते.

वहिनींना एवढं सगळं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: हात जोडल्याचं चित्र, आणि 'म्हणजे शाम्पू आणू का नको?'

दिवाळीचं उटणं मात्र मी मागवतेच. नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद. सुरक्षित आहे म्हणून नाही, पहाटे तो वास नाकात गेल्याशिवाय मला दिवाळी वाटत नाही म्हणून. बाथरूमची पांढरी फरशी आठवडाभर पिवळी राहते. यंदा आईला म्हटलं, पुडी घेशील तेव्हा मागचं जरा वाचून दाखव. तिने चष्मा लावला, फोन कानाशी धरून वाचायला लागली. "निर्माते... पत्ता, गाव भाग... घटक, नागरमोथा, वाळा..." आणि थांबली.

"पुढे?"

"पुढे दुकानदाराने किमतीची चिठ्ठी चिकटवलीय गं. नखाने काढतेय, तर निघेना."