‘दोन रुग्णांवरून कसलं संशोधन?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

झोलिंजर-एलिसन आजारावरच्या, म्हणजे गाठीमुळे जठरात बेसुमार आम्ल होऊन अल्सर परत परत होणाऱ्या आजारावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. दोन रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे संशोधन नव्हे. त्यापायी माणसांची अख्खी जठरं काढली, हा अत्याचार होता. आणि दहा लाखांत वर्षाला दोन-तीन जणांना होणाऱ्या रोगावर लिहून मी ॲसिडिटीच्या साध्या रुग्णांना घाबरवते. तिसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे, पण आधी पहिले दोन.

१९५५ साली ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतले सर्जन रॉबर्ट झोलिंजर आणि एडविन एलिसन यांनी दोनच रुग्णांची हकीकत मांडली, हे खरं. दोघांच्याही पोटात आम्ल बेसुमार, ऑपरेशन करूनही अल्सर परत येणारे, आणि तेही जेजुनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागात, जिथे ते सहसा होत नाहीत. शिवाय दोघांच्याही स्वादुपिंडात गाठ. गाठीतून रक्तात काहीतरी झिरपत असावं आणि तेच जठराला आम्ल करायला लावत असावं, असा तर्क त्यांनी केला. त्यांनी तर्क म्हणूनच तो मांडला, आणि तो तपासून पाहण्याजोगा होता. १९६० मध्ये इंग्लंडात रॉडरिक ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी अशाच एका गाठीचा अर्क काढला, तेव्हा त्याचा परिणाम गॅस्ट्रिनसारखा, म्हणजे जठराला आम्ल करायला लावणाऱ्या संप्रेरकासारखा (हार्मोनसारखा) निघाला. गॅस्ट्रिन हे नाव जॉन एडकिन्सने १९०५ मध्येच दिलं होतं, पण त्याच्या अर्कात हिस्टामिन हे आम्ल वाढवणारं दुसरंच द्रव्य असेल म्हणून पुढे कित्येक वर्षं त्याच्यावर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९६४ मध्ये ग्रेगरी आणि हिल्डा ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळं केलं आणि शंका मिटली. दोन रुग्णांनी प्रश्न दिला. उत्तर शोधायला नऊ वर्षं आणि बऱ्याच जणांचे हात लागले.

आपण जेवलो की जठराच्या खालच्या भागातून गॅस्ट्रिन सुटतं आणि आम्ल वाढतं. आम्ल पुरेसं झालं की तेच आम्ल गॅस्ट्रिनला आवर घालतं. गाठीला हा आवर लागू होत नाही. म्हणून या आजारात गॅस्ट्रिनही जास्त आणि आम्लही जास्त. त्या आम्लाने आतड्यातले पाचक रस निकामी होतात, म्हणून कित्येकांना अल्सरच्या जोडीला जुलाब असतात, काहींना तर आधी जुलाबच सुरू होतात.

जठर काढण्याबद्दल तुमचा राग मला समजतो. जठर गेलेला माणूस थोडं थोडं खातो, वजन सावरता सावरत नाही, बी-१२ आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. पण त्या काळी गाठी बारीक आणि विखुरलेल्या असत, सगळ्या सापडत नसत. आणि रुग्ण दगावत तो बहुधा अल्सर फुटून किंवा रक्तस्रावाने. आम्ल थांबवायचं दुसरं साधन हातात नव्हतं. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेलं सिमेटिडिन हे आम्ल कमी करणारं औषध ब्रिटनमध्ये १९७६ साली मिळू लागलं, पुढे १९८८ मध्ये ओमेप्राझोल आलं, आणि निव्वळ आम्लासाठी जठर काढायची गरज संपत गेली. आधीच्या सर्जननी उपलब्ध उपायांतला जीव वाचवणारा उपाय निवडला. त्याला अत्याचार म्हणायला माझं मन धजत नाही.

आता तिसरा आक्षेप. गॅस्ट्रिनची तपासणी करून घ्या, असं मी सरसकट लिहिलं, ते चुकलं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल रोज घेणाऱ्याचं गॅस्ट्रिन वाढलेलं दिसतंच, कारण आम्ल दबलेलं असतं आणि आवर सुटतो. नुसता आकडा बघून घाबरायचं कारण नाही. त्याच्याबरोबर जठरातलं आम्लही मोजावं लागतं. आपल्याकडचे बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूने किंवा वेदनाशामक गोळ्यांनी होतात. ही दोन्ही कारणं नसताना अल्सर परत परत होत असतील, नेहमीच्या जागेपलीकडे असतील, सोबत जुलाब असतील किंवा घरात पॅराथायरॉइडच्या, म्हणजे गळ्यातल्या छोट्या ग्रंथींच्या, गाठींचा इतिहास असेल, तरच हा विषय डॉक्टरांकडे काढावा. आणि तपासणीसाठी म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. ज्याला हा आजार खरोखर आहे, त्याचा अल्सर तेवढ्या दिवसांत फुटू शकतो.

मूळ लेखातला तो परिच्छेद आज बदलला आहे.