अमेरिकेच्या पहिल्या सिनेटमधला ‘ज्येष्ठांचा मान’: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

‘ज्येष्ठांना मान देणारी लोकशाही’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. माझ्या मामांनी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी काणाडोळा केला, कारण निवृत्त मुख्याध्यापकांशी सुप्रभातच्या चित्रांमध्ये घुसून वाद घालण्यात काही हशील नसते. परंतु स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मामेबहिणीने त्याच मजकुरातली वाक्ये सरावाच्या उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवली आणि वर ‘हे सगळीकडे आहे’ असे सांगितले, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: १७८९ साली अमेरिकेची पहिली सिनेट, म्हणजे तिथल्या संसदेचे वरिष्ठ सभागृह, भरली तेव्हा वयाने सर्वांत ज्येष्ठ सदस्याला अध्यक्षस्थानी बसवण्यात आले. सहा वर्षांची मुदत वयोवृद्धांना, चार वर्षांची मध्यमवयीनांना आणि दोन वर्षांची तरुणांना मिळाली. ज्येष्ठतेप्रमाणे प्रत्येकाला क्रमांक होता, रिचर्ड बॅसेट हे क्रमांक एकचे सिनेटर होते, आणि त्या क्रमानेच बोलणे व मतदान होत असे. समित्यांची अध्यक्षपदे आणि मानधनही ज्येष्ठतेवर ठरे. शेवटी टोमणा असा की, आपल्या राज्यसभेने मात्र १९५२ साली सदस्यांच्या मुदती ‘चक्क चिठ्ठ्या टाकून’ ठरवल्या आणि ‘असा पोरखेळ अमेरिकेत स्वप्नातही झाला नसता’.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण मजकुरातली सर्वांत धडधडीत चूक तीच आहे आणि ती आपल्याच संसदेला हिणवण्यासाठी वापरली आहे. अमेरिकेत असा ‘पोरखेळ’ झाला होता. तो पहिल्याच वर्षी झाला, तो सिनेटने स्वतः ठराव करून केला, आणि तो नेमका कसा झाला हे सिनेटच्या अधिकृत इतिवृत्तात नोंदलेले आहे. हे इतिवृत्त लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येते. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही ते उघडले नसावे.

अमेरिकेच्या राज्यघटनेने सिनेटरची मुदत सहा वर्षे ठरवली, पण दर दोन वर्षांनी एकतृतीयांश जागा रिकाम्या व्हाव्यात असेही सांगितले. त्यासाठी पहिल्या सदस्यांचे शक्य तितके समसमान तीन वर्ग करावेत, पहिल्याची मुदत दोन वर्षांनी, दुसऱ्याची चार वर्षांनी आणि तिसऱ्याची सहा वर्षांनी संपावी, एवढीच घटनेची आज्ञा होती. कोणाला कोणत्या वर्गात घालायचे, हे तिने सांगितले नव्हते. वयाला मान द्यायचा असता, तर तो देण्याची संधी हीच होती. सिनेटने काय केले? आधी सदस्यांचे तीन गट पाडले आणि एकाच राज्याचे दोन सदस्य एका गटात येणार नाहीत याची काळजी घेतली, म्हणजे कोणत्याही राज्याच्या दोन्ही जागा एकदम रिकाम्या होऊ नयेत. मग १४ मे १७८९ रोजी ठराव झाला की, सचिवांनी सारख्या आकाराचे तीन कागद घ्यावेत, त्यांवर एक, दोन, तीन असे आकडे लिहून त्यांच्या गुंडाळ्या कराव्यात, त्या एका पेटीत टाकाव्यात आणि तिन्ही गटांच्या वतीने लँग्डन, विंगेट व डाल्टन या सदस्यांनी त्या उचलाव्यात. दुसऱ्या दिवशी डाल्टन यांच्या हाती एक आला, विंगेट यांच्या हाती दोन आणि लँग्डन यांच्या हाती तीन. त्या तीन कागदांनी वीस सदस्यांच्या मुदती ठरल्या. आपल्याकडे सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तिच्यापेक्षा हे काही फारसे वेगळे नव्हते. फरक इतकाच की, चिठ्ठी उचलायला शाळकरी मुलाला न बोलावता सदस्यांनीच हात घातला.

निकाल वयाप्रमाणे लागला का, तेही पाहावे. पेनसिल्व्हेनियाचे विल्यम मॅक्ले दोन वर्षांच्या गटात गेले, तर त्यांचेच सहकारी रॉबर्ट मॉरिस सहा वर्षांच्या. व्हर्जिनियाचे रिचर्ड हेन्री ली हे सत्तावन्न वर्षांचे आणि राज्यघटनेपूर्वीच्या काँग्रेसचे (अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात) अध्यक्षपद भूषवलेले गृहस्थ. मान द्यायचाच तर यांना द्यायला हवा होता, पण त्यांच्या वाट्याला चार वर्षे आली. जॉर्जियाचे छत्तीस वर्षांचे जेम्स गन मात्र सहा वर्षांच्या गटात बसले. कनेक्टिकटचे विल्यम सॅम्युअल जॉन्सन एकसष्ट वर्षांचे होते आणि तेही सहा वर्षांच्या गटात होते, हे खरे. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा हे एकच उदाहरण धरून पुढचा इमला बांधला असावा. पण हेच जॉन्सन न्यूयॉर्कमधील कोलंबिया कॉलेजचेही अध्यक्ष होते, आणि काँग्रेस फिलाडेल्फियाला हलल्यावर त्यांनी १७९१ च्या मार्चमध्ये राजीनामा दिला. चिठ्ठीने दिलेल्या सहा वर्षांतली दोनही त्यांनी जेमतेमच भरली.

सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. तेव्हा सिनेटर राज्याचे विधिमंडळ निवडत असे. न्यूयॉर्कच्या विधिमंडळात एकमत होईना, म्हणून त्या राज्याचे दोन सिनेटर जुलै उजाडल्यावर निवडले गेले. एक होते चौतीस वर्षांचे रूफस किंग. दुसरे होते पंचावन्न वर्षांचे फिलिप स्कायलर. क्रांतियुद्धात सेनापती राहिलेले, बडे जमीनदार, देशाचे पहिले अर्थमंत्री झालेल्या अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे सासरे. ज्येष्ठतेला किंमत असती तर मोठी मुदत कोणाकडे गेली असती, हे सांगायला नको. त्यांच्यासाठीही चिठ्ठ्याच काढल्या गेल्या. किंग यांना सर्वांत लांब मुदतीचा वर्ग मिळाला आणि स्कायलर यांना सर्वांत आखूड मुदतीचा. १७९१ साली स्कायलर यांना पुन्हा विधिमंडळापुढे उभे राहावे लागले, तेथे आरन बर यांनी त्यांना हरवले, आणि हॅमिल्टन व बर यांच्यातले वैर त्या निवडीपासून वाढत गेले. वयाचा मान राखणाऱ्या सभागृहात हे घडले नसते.

ही पद्धत पहिल्या वर्षापुरतीही नव्हती. नवे राज्य संघात आले की त्याच्या सिनेटरांच्या मुदती चिठ्ठीनेच ठरत आल्या आहेत. १९५९ साली आलेल्या अलास्का आणि हवाईच्या बाबतीतही तेच झाले. आता राज्यसभेकडे या. तिच्यापुढे १९५२ साली हुबेहूब हाच प्रश्न होता: सर्व सदस्य एकदम आलेले आणि एकतृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त व्हायला हवेत. उत्तरही तेच निघाले. राष्ट्रपतींच्या आदेशाने सदस्यांचे गट करून चिठ्ठ्या काढल्या गेल्या आणि काहींना दोन, काहींना चार, काहींना पूर्ण सहा वर्षे मिळाली. यात पोरखेळ कोठे आहे? उलट मुदती वयावर किंवा ओळखीपाळखीवर वाटल्या असत्या, तर ज्याला दोनच वर्षे मिळाली त्याला तक्रार करायला जागा राहिली असती.

अध्यक्षस्थानाचा मुद्दा लवकर संपतो. सिनेटचा पीठासीन अधिकारी घटनेनेच ठरवला आहे. तो देशाचा उपराष्ट्राध्यक्ष असतो, आणि त्यात वयाचा संबंध नाही. अधिवेशन ४ मार्च १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू व्हायचे होते, पण त्या दिवशी आठच सदस्य हजर होते आणि गणपूर्तीला बारा हवे होते. बारावे सदस्य, म्हणजे हेच ली, ६ एप्रिलला पोहोचले. राष्ट्राध्यक्षपदाची मते मोजायची होती आणि उपराष्ट्राध्यक्ष अजून निवडून आलेले नव्हते, म्हणून त्या एका कामापुरते सदस्यांनी आपल्यातून जॉन लँग्डन यांना हंगामी अध्यक्ष निवडले. लँग्डन तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्याच खोलीत एकसष्ट वर्षांचे जॉन्सन आणि सत्तावन्न वर्षांचे ली बसलेले होते. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. सर्वांत वयोवृद्ध सदस्याने पहिल्या बैठकीत तात्पुरते अध्यक्ष व्हावे, अशी रीत काही देशांत आहे आणि ती आपल्याकडेही दिसली आहे. ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा भरली तेव्हा सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणून डॉ. सच्चिदानंद सिन्हा यांना तात्पुरते अध्यक्ष करण्यात आले, आणि दोनच दिवसांनी डॉ. राजेंद्रप्रसाद कायम अध्यक्ष म्हणून निवडले गेले. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याला वयाचा मान राखणारी पहिली बैठक हवीच होती, तर ती दिल्लीत सापडली असती. त्याने ती न्यूयॉर्कला नेली आणि दिल्लीला बोल लावला.

दुसरे अर्धसत्य असे की, आजच्या अमेरिकी सिनेटमध्ये ज्येष्ठतेला खरोखर वजन आहे. बहुमतातल्या पक्षाच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याला हंगामी अध्यक्ष करण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या मध्यापासून पक्की झाली आहे, आणि ते पद राष्ट्राध्यक्षपदाच्या उत्तराधिकारात उपराष्ट्राध्यक्ष व प्रतिनिधिगृहाचे (म्हणजे कनिष्ठ सभागृहाचे) सभापती यांच्या पाठोपाठ येते. पण ही ज्येष्ठता सेवेची आहे, वयाची नाही. साठीत निवडून आलेला नवखा सदस्य यादीत तळाशी असतो आणि तिशीत आलेला पण वीस वर्षे टिकलेला त्याच्या कितीतरी वर असतो. आपल्याकडे सरकारी खात्यांत पदोन्नतीच्या याद्यांवरून होणारी भांडणे पाहिलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. शिवाय १७८९ मध्ये सेवाज्येष्ठता मोजायची तरी कशी? सगळेच एकाच दिवसापासून सदस्य होते. त्याआधीच्या काँग्रेसमध्ये तर सहा वर्षांत तीनपेक्षा अधिक वर्षे कोणालाही प्रतिनिधी राहता येऊ नये, असे कलमच होते. ज्येष्ठता साचू नये अशीच ती व्यवस्था होती.

बॅसेट यांच्या ‘क्रमांक एक’चा उलगडा तर हसू आणणारा आहे. सिनेटने आजवरच्या सर्व सदस्यांची सेवारंभाच्या दिनांकाप्रमाणे एक यादी ठेवली आहे. पहिल्या वीस जणांचा आरंभ एकच, ४ मार्च १७८९, धरला जातो; म्हणून त्यांना आडनावाच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने क्रमांक दिले आहेत. बॅसेट पहिले, बटलर दुसरे, कॅरल तिसरे, आणि असे करत विंगेट विसावे. बॅसेट प्रत्यक्षात २१ मार्चला पोहोचले होते. विंगेट हे ४ मार्चला हजर असलेल्या आठांपैकी एक होते, बॅसेट यांच्याहून वयाने मोठे होते, आणि पहिल्या सिनेटमधल्या सर्वांच्या मागे, १८३८ पर्यंत, जगले. तरी ते विसावे, कारण त्यांचे आडनाव ‘डब्ल्यू’ने सुरू होते. हा मान नव्हे, ही हजेरीपटाची सोय आहे. आज एकाच दिवशी सेवा सुरू करणाऱ्यांत पूर्वीची पदे आणि शेवटी राज्याची लोकसंख्या पाहून क्रम लावतात. तोच नियम १७८९ ला लावून याद्या रंगवणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की, त्या देशाची पहिली जनगणना १७९० ची आहे.

बोलण्याचा आणि मतदानाचा क्रमही तसाच. एप्रिल १७८९ मध्ये सिनेटने आपले नियम केले. दोन सदस्य एकाच वेळी उभे राहिले तर कोणी बोलावे हे पीठासीन अधिकाऱ्याने सांगायचे, नावे पुकारून मते घ्यायची तर वर्णानुक्रमाने पुकारायची, आणि समित्या गुप्त मतदानाने नेमायच्या, ज्याला अधिक मते तो निवडला गेला. तिन्ही नियमांत वयाचा किंवा सेवेचा उल्लेख नाही.

समित्यांच्या बाबतीत तर अध्यक्षपदे ज्येष्ठतेने वाटायला तशा समित्याच नव्हत्या. एखादे विधेयक आले की तेवढ्यापुरती समिती नेमली जाई आणि काम संपले की ती विसर्जित होई. न्यायालयांची उभारणी करणाऱ्या पहिल्या मोठ्या विधेयकाचा मसुदा मुख्यतः ऑलिव्हर एल्सवर्थ यांनी केला. ते तेव्हा पंचेचाळिशीच्या आतले होते आणि कनेक्टिकटचेच त्यांचे सहकारी जॉन्सन त्यांच्याहून सतरा वर्षांनी वडील होते. स्थायी समित्या डिसेंबर १८१६ मध्ये आल्या, एकूण अकरा. पक्षांनी समित्यांच्या याद्या स्वतः तयार करून सभागृहापुढे ठेवण्याची रीत १८४६ पासून पडली, आणि त्या याद्यांतूनच सेवाज्येष्ठतेची पकड बसत गेली. म्हणजे मजकूर ज्या व्यवस्थेला पहिल्या दिवसाची म्हणतो, तिचे मूळ धरायला अर्धे शतक उलटून गेले होते.

घटनाकारांना सिनेटमध्ये थोडी पोक्त माणसे हवी होती, हे मात्र खरे. प्रतिनिधिगृहासाठी पंचवीस आणि सिनेटसाठी तीस वर्षे पूर्ण हवीत, ही अट त्यांनी घातली. तीस ओलांडल्यावर पुढे वयाची कसलीही पायरी नव्हती.

राहिला मानधनाचा मुद्दा. १७८९ च्या कायद्याने प्रत्येक सिनेटरला हजेरीच्या दिवसाला सहा डॉलर ठरले, एकसष्टीच्या जॉन्सन यांनाही आणि चौतिशीच्या किंग यांनाही. कमीजास्त व्हायचा तो प्रवासभत्ता, कारण तो दर वीस मैलांना सहा डॉलर असा होता. त्या हिशेबाने जॉर्जियाहून येणारे छत्तीस वर्षांचे गन हे शेजारच्या कनेक्टिकटच्या सर्वांत वडील सदस्यापेक्षा कितीतरी अधिक रकमेला पात्र होते.